शनीवर गेलेली यमुना

हसनाबादहून जालन्याला जाणारी एस.टी. सुरू झाली, तेव्हा अण्णांनी खिडकीतून एक जुना दिवाळी अंक माझ्या मांडीवर ठेवला. "यमुनेची गोष्ट हाय ह्यात. शेवट तिकडंच वाच," म्हणाले. आईचं रडणं आधीच सुरू झालं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याला बी.एस्सी.ला निघाले होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक. नवाकोरा दिवाळी अंक परवडत नसे, म्हणून ते उन्हाळ्यात जालन्यातल्या मस्तगडच्या रद्दीवाल्याकडून जुने आणायचे. त्यांची पुढची-मागची पानं गळालेलीच असत. संध्याकाळी ओट्यावर अण्णा मोठ्याने वाचत आणि गळालेला भाग मनानेच रचून सांगत. त्या अंकांत विज्ञानकथा लिहिणारे एक लेखक होते. आम्ही घरात त्यांना 'आकाशवाले' म्हणायचो. काय लिहायचे हो! त्यांच्या यानातली माणसं जालन्याच्या मोंढा बाजारात सहज भेटतील अशी. आदल्या दिवशीच पाऊस कळणारी विहीर, कंटाळा आला म्हणून औत सोडून बसणारा लोखंडी बैल, सगळं मला अजून तोंडपाठ आहे. विज्ञानाची भीती मला कधी वाटलीच नाही, ती त्यांच्यामुळे.

पण माझी सर्वांत लाडकी शनीच्या चंद्रावर गेलेली यमुना. "शनी माणसाला लागतो, अन् ही आपल्या पायानं त्याच्याकडं चाल्ली!" आई म्हणायची. यमुनेच्या गोष्टीची शेवटची पानं आमच्या अंकात नव्हती. अण्णा सांगत, यान वेशीपाशी उतरतं आणि यमुनेची आई चुलीपासून न उठताच म्हणते, "आलीस? हातपाय धू अन् जेवून घे."

पुण्याला कॉलेजच्या लायब्ररीत तोच अंक धडधाकट सापडला. आकाशवाल्यांची यमुना परत येतच नाही. ती तिथेच ज्वारी पेरते, लेकीला आभाळातला निळा ठिपका दाखवते आणि पुन्हा कामाला लागते. मी तिथेच रडले. इतका खरा शेवट मी पुन्हा कुठे वाचला नाही. मग लक्षात आलं, ही गोष्ट तर अंकाच्या मधोमध होती. रद्दीत मधली पानं गळत नाहीत.

सुट्टीत अण्णांना विचारलं. "मंग? मीच फाडली व्हती," ते म्हणाले. "एवढीशी व्हतीस तू. घर सोडायचं इतक्या जल्दी कशाला शिकवू?"

पुढे मी कॅनडात आले. आता आई-अण्णा नाहीत. विनिपेगच्या बर्फात ज्वारी काही उगवली नाही, पीठ इंडियन स्टोअरमधून आणते. तो फाटका अंक बेसमेंटमध्ये आहे. मुलीला मी दोन्ही शेवट सांगत आले.

गेल्या महिन्यात ती नोकरीसाठी व्हँकुव्हरला निघाली. सुटकेसची चेन लावता लावता म्हणाली, "आई, आजोबांचा शेवट सांग ना." मी सांगायला लागले. "हातपाय धू" पर्यंत आले आणि वाक्य अर्धवट सोडून चेन मीच ओढायला लागले. अण्णांनी पानं का फाडली असतील, ते मला तेव्हा पुरतं कळलं.

"अन् जेवून घे," तिनेच वाक्य पुरं केलं. मराठी तिचं इंग्रजाळलेलं, पण तो 'अन्' थेट हसनाबादचा. माझं घर आता त्या एका वाक्याएवढंच उरलंय, आणि ते तिला येतं.