तव्वाबकाकांचं आमंत्रण

बहगतकडे प्रत्येक दगडासाठी एक विनोद तयार असायचा. सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडपाशी एक, दहशूरच्या वाकड्या पिरॅमिडपाशी दोन, आणि पाहुणे उन्हाने फारच मलूल झाले तर उंटावरचा एक राखीव. वीस-बावीस वर्षांच्या गाईडगिरीत हे विनोद इतके घासले गेले होते, की बोलताना त्याचं त्यालाही ऐकू येत नसे. तोंड चालू असायचं आणि डोक्यात घरच्या गॅसचं सिलिंडर, नाहीतर गाडीचं डिझेल. तरुणपणी त्याला विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवायचा होता. ते जमलं नाही. का जमलं नाही, हे तो दर वेळी वेगळं सांगे, म्हणून आपण ते सोडून देऊ. आता तो एका एजन्सीसाठी खाजगी सहली करायचा. एका वेळी एक-दोन पाहुणे, एसी गाडी, ड्रायव्हर, सकाळी सातला कैरोच्या हॉटेलातून उचलायचं, दुपारी दोन-तीनपर्यंत परत आणून सोडायचं. अर्ध्या दिवसात साडेचार हजार वर्षं उरकायची म्हणजे विनोद लागतातच.

त्यातला सगळ्यात हुकमी विनोद मैदूमला होता, आणि तो दगडाचा नव्हता, माणसाचा होता.

मैदूमला फारसं कुणी जात नाही. तिथला पिरॅमिड कधीच ढासळलाय. बाहेरचे दगड खाली ढिगाऱ्यात पडलेत आणि मधला गाभा तेवढा एखाद्या पडक्या बुरुजासारखा उभा आहे. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला बरसीम घासाची हिरवीगार शेतं. तिथे अब्दुल तव्वाब नावाचे पहारेकरी होते. सगळे त्यांना तव्वाबकाका म्हणत. अंगात राखाडी, पायघोळ गलाबिया, डोक्याला पांढरा फेटा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गाडी थांबली की ते पहारेकऱ्याच्या खोलीतून लगबगीने बाहेर यायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "उस्ताद, आजचं दुपारचं जेवण आमच्याकडे."

बहगत म्हणायचा, "अल्ला तुमच्या घराची भरभराट करो, काका. पुढच्या वेळी."

असं तीनदा व्हायचं, आणि मग काका पिरॅमिडच्या दाराची किल्ली काढायचे. अठरा वर्षं झाली या गोष्टीला.

आणि बहगतने त्याचाच विनोद केला होता. गाडी मैदूमच्या फाट्याला वळली की तो पाहुण्यांना इंग्रजीत सांगायचा, "आमच्या नाईलवर नावाडी नाव हाकत चाललेला असतो. काठावर कुणी ओळखीचं दिसलं की नावेतूनच ओरडतो, या, जेवायला या. नाव थांबणार नाही, काठावरचा पोहत येणार नाही, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. याला आम्ही नावाड्याचं आमंत्रण म्हणतो. आता इथले म्हातारबाबा बघा. तीनदा बोलावतील. चुकून हो म्हटलं, तर त्यांचा चेहरा कसा पडेल ते बघण्यासारखं असेल." पाहुणे उतरायचे ते काकांकडे टक लावूनच. काका छातीवर हात ठेवायचे, पहिलं आमंत्रण द्यायचे, आणि पाहुण्यांना हसू आवरायचं नाही. त्यांना हसताना बघून काकाही हसायचे. समोरचे दोन दात गेलेले होते, तरी मनापासून हसायचे.

बहगतला यात काही वावगं वाटत नव्हतं. तो कैरोतल्या शुब्राच्या गल्लीत वाढलेला माणूस. तिथे जिन्यात भेटणारा शेजारीही "या ना, घास घ्या" म्हणतो आणि म्हणता म्हणता दार लावून घेतो. तोंडदेखलं बोलावणं आणि तोंडदेखला नकार यांवरच ती आख्खी इमारत उभी होती.

मग गेल्या हिवाळ्यात आइनोबाई आल्या. फिनलंडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. आयुष्यभर बेकरी चालवलेली, त्यामुळे मनगटं पुरुषासारखी. बहगतने फाट्यावर आपला विनोद सांगितला. त्या हसल्या, पण थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी कुणाला उगाच बोलावत नाही. बोलावलं तर जायचं असतं."

काकांनी छातीवर हात ठेवून बोलावलं. बहगतने नेहमीचं उत्तर तोंडात घोळवलं होतं, तोच बाई म्हणाल्या, "आज हो म्हणा. चेहरा पडतो का ते मला बघायचंय." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, लहान मुलीसारखी गंमत होती. बहगतलाही जरा चेव आला. बावीस वर्षं तेच तेच करून कंटाळलेल्या माणसाला वेगळं काही घडलं तर हवंच असतं. शिवाय बाई खूश झाल्या तर एजन्सीला चांगलं लिहून पाठवतील, हाही हिशेब होताच.

"येतो काका," तो म्हणाला. "आज जेवायला येतो."

काकांचा चेहरा पडला नाही. ते क्षणभर नुसते बघत राहिले, जणू नीट ऐकू आलं नसावं. मग त्यांनी गलाबियाच्या खिशातून मोबाइल काढला, पाठ वळवून घरी फोन लावला, आणि त्यांचा आवाज इतका चढला की शेतातल्या बायका वळून बघू लागल्या. "येतायत. अगं, उस्ताद येतायत. हो, आजच."

त्यानंतरचे दोन तास बहगतने कसेबसे काढले. बाईंना घेऊन तो लाकडी जिन्याने वर चढला, ओणव्याने लांबलचक बोगदा उतरला, खालच्या खोलीत उभं राहून छताचे दगड एकावर एक कसे पुढे सरकवत नेलेत ते दाखवलं. एकही विनोद त्याला आठवला नाही. काका आपल्या जागी दुसऱ्या पहारेकऱ्याला बसवून कधीच घरी पळाले होते.

काकांचं घर गावाच्या कडेला, कच्च्या विटांचं, निळ्या रंगाचं. दारात नुकताच सडा मारलेला. काकांची मुलगी सबाह हात धुवायला पाणी घालायला आली. बेनी सुएफच्या कॉलेजात शिकणारी, विशीतली, शांत चेहऱ्याची. आधी तिने आइनोबाईंच्या हातांवर पाणी घातलं. त्या आत गेल्यावर बहगतने हात पुढे केले. तांब्यातून पाण्याची धार धरत ती हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी बाबांचा डबा घेऊन तिकडे आले होते, उस्ताद. खोलीच्या मागे सावलीत बसले होते. तुमचे पाहुणे तुमच्या नावाड्याच्या आमंत्रणाबद्दल हसत हसत बोलत होते. माझा कॉलेजचा विषय इंग्रजीच आहे."

बहगतचे हात साबणाने भरलेले होते. ते तसेच राहिले.

"बाबांना काही माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, पाहुण्यांना आपण आवडतो म्हणून ते हसतात."

तिने टॉवेल दिला आणि ती आत गेली. बहगतला पळून जावंसं वाटलं. गाडी दारातच उभी होती, ड्रायव्हर आत जाऊन मांडी ठोकून बसलासुद्धा होता. पण आतून काकांची हाक आली. तो आत गेला आणि खाली मान घालून बसला.

बुटक्या गोल टेबलावर मुलुखियाच्या पाल्याचा हिरवा रस्सा, तुपातला भात, लोणचं, भट्टीतून आत्ता काढलेल्या भाकऱ्या, आणि मध्ये दोन भाजलेली बदकं. सबाहची आई दारातच उभी राहिली. ठेंगणी, जाडजूड, तोंडाने फटकळ बाई. तिने बहगतला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हीच ते. अठरा वर्षं ऐकतेय मी, उस्ताद घाईत होते, उस्तादांच्या पाहुण्यांचं विमान होतं. तुमची गाडी येणार असं पोलीस चौकीवरून कळलं की मी एक बदक बाजूला बांधते. संध्याकाळी सोडून देते. कितीतरी बदकं तुमच्या नावावर म्हातारी होऊन मेली."

सगळे हसले. काका तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी हाताने बदक फाडलं, छातीचा मोठा तुकडा आइनोबाईंपुढे ठेवला, तेवढाच बहगतपुढे. स्वतःकडे त्यांनी मान ठेवली.  जेवण उत्तम होतं. तेच तर वाईट होतं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा आइनोबाईंनी बोटं पुसली आणि मोकळेपणाने म्हणाल्या, "तुम्ही हरलात, बहगत. यांचा चेहरा पडला नाही. ती नावाड्याची गंमत यांना सांगा ना. तुम्ही दर वेळी काय सांगता, आणि आज काय झालं, सगळं सांगा. यांनाही हसू येईल." त्या काकांकडे बघून हसल्या आणि वाट बघत बसल्या. त्यांना वाटत होतं, हा विनोद दोघांनी मिळून केलेला आहे.

"काय म्हणतायत बाई?" काकांनी विचारलं.

बहगतने सबाहकडे बघितलं. ती भाकऱ्यांची परडी हातात धरून उभी होती. बाईंचा शब्दन् शब्द तिला कळला होता, आणि आता बहगत काय बोलतो तेही कळणार होतं. 

"बाई म्हणतात," तो म्हणाला, "इतके देश फिरले, पण घरी बोलावून कुणी जेवू घातलं नव्हतं."

 मग सबाहने परडी खाली ठेवली. "हो बाबा," ती म्हणाली. "आणि म्हणतात, उस्ताद वाटेत सगळ्यांना आपल्या घराबद्दल सांगतात. तुम्ही किती आग्रहाने बोलावता ते."

काका बायकोकडे वळले. "मी म्हणत नव्हतो? तरीच पाहुणे गाडीतून उतरतानाच हसतमुख असतात." त्यांनी बदकाचा पाय मोडला आणि तोही बहगतच्या भातावर ठेवला.

बहगतने तो खाल्ला. नको म्हणायला कारण तरी काय सांगणार. आइनोबाईंना वाटलं, गंमत पोचली. त्या समाधानाने हसल्या.

निघताना सबाह दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर बहगतने मैदूमला जाणंच सोडलं. एजन्सीला त्याने सांगितलं की तिकडचा रस्ता खराब झालाय, पाहुण्यांचा वेळ जातो, त्यापेक्षा दहशूर बरं. नावाड्याचा विनोद तर त्याने पुन्हा कधीच केला नाही, आणि हे फार मोठं प्रायश्चित्त आहे असं मनाला समजावत राहिला. नजवाने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं की हल्ली मैदूमची सहल नसते का, तर तो तिच्यावर खेकसला. त्या घरी तोंड दाखवायचं नाही, म्हणजे कुणाला त्रास नाही, असं त्याने ठरवून टाकलं. लाजलेला माणूस लपून बसतो, आणि लपून बसण्यालाच सज्जनपणा समजतो. बहगतचं तेच झालं होतं.

साडेतीन महिन्यांनी, भर दुपारी, दहशूरच्या वाहनतळावर त्याचा फोन वाजला. तव्वाबकाका होते. किल्लीच्या कामासाठी म्हणून केव्हातरी नंबर दिलेला, पण अठरा वर्षांत त्यांनी तो कधी लावला नव्हता. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग मुलाबाळांची, मग हवापाण्याची. मग काका जरा अडखळले.

"उस्ताद, खरं सांगा. मुलुखियात मीठ जास्त झालं होतं का?"

बहगतला काही कळलं नाही.

"नाही, म्हणजे तुम्ही त्या दिवसापासून आला नाहीत. दुसऱ्या गाड्या येतात, तुमची नाही. सबाहची आई म्हणते, गडबडीत मीठ दोनदा पडलं असणार. गावातही लोक विचारतात, उस्ताद एकदा जेवून गेले ते फिरकलेच नाहीत. तिने मनाला लावून घेतलंय. चूल पेटवताना रोज तेच बोलते."

बहगत गाडीच्या मागे गेला, पाहुण्यांना दिसणार नाही असा. या वेळी खोटं बोलायला सोपं होतं. रस्ता होता, एजन्सी होती, तब्येत होती. पण त्याच्याच्याने ते झालं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. नावाड्याचा विनोद, फाट्यावर गाडी वळताच तो कसा सांगायचा, पाहुणे कशाला हसायचे, त्या दिवशी जेवताना बाई खरं काय म्हणाल्या होत्या. सबाहचं नाव मात्र त्याने कुठे येऊ दिलं नाही. 

 फोनमध्ये काकांच्या मागे कुठेतरी गाढव ओरडत होतं.

"म्हणजे मिठाचं काही नव्हतं," काका शेवटी म्हणाले.

"नाही काका. जेवण फार चांगलं होतं."

"मग मी तिला तेवढंच सांगतो," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थकलेला वाटला. "बाकीचं तिला नको सांगायला, उस्ताद. आणि पोरीलाही काही कळू देऊ नका, तिला तुमचं इंग्रजी फार आवडतं."

फोन बंद झाला. बहगतने आयुष्यात पुष्कळांना हसवलं होतं. त्या घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्याला त्याच्यापासून सांभाळत होतं, हे कळल्यावर त्याला गाडीच्या टायरपाशी वाळूतच खाली बसावं लागलं, आणि पाहुणे हाका मारत होते तरी त्याला उठता येईना.