डुकराचा रुपया

आमच्या सिहोऱ्यात भैय्याजी काकांना वेडं ठरवायला कुणी कमी केलं नाही, आणि शेजारी म्हणून त्यात मी पुढेच होतो. धान विकलं की लोक मोटारसायकल घेत, काका पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घेत. आमच्याकडे त्याला कलदार म्हणतात. राजा तोच, मुकुट तोच, फक्त मागचं साल वेगळं. आणि त्या एका सालासाठी काका गावंच्या गावं पालथी घालत.

एके काळी या नादाला सोबत होती. तुमसरच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर चारपाच जण रुमालात रुपये बांधून बसत आणि सालांची अदलाबदल करीत. त्यातल्या वासुदेवरावांकडचे रुपये पाहायला तर नागपूरहून लोक येत. पुढे पोरांना त्यात रस उरला नाही आणि बैठक मोडली. मधे मोबाइलवर ‘जुनं नाणं विका, लखपती व्हा’ असे व्हिडिओ आले, तेव्हा लोक पिशव्या भरभरून चिल्लर काकांच्या ओसरीत आणून ओतू लागले. तो ज्वरही उतरला. आणि आता चांदीचा भाव असा भडकलाय, की जो तो घरचे कलदार सोनाराच्या मुशीत टाकायला धावतो. वासुदेवराव गेले आणि तेरवी व्हायच्या आत त्यांचे सगळे रुपये वितळले. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

काकांचा जीव अडकलेला त्यांच्याकडच्या एकुलत्या १९११च्या रुपयात. त्या साली राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बारका उमटला, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि पुढच्या साली हत्ती नीट करावा लागला. ही गंमत काकांनी मोठ्या हौसेने घरात सांगितली आणि तिथेच चुकले.

त्यांच्या पत्नी, जनाबाई काकू, दर दिवाळीला सगळे कलदार चिंच-राखेने घासून लक्ष्मीच्या पाटावर मांडत. काका हात जोडत. “घासू नको वो, जुनी झाक गेली का जानकार मानूस हात नाही लावत!” पण लक्ष्मीला काळा पैसा दाखवायला काकू तयार नव्हत्या. डुकराचं कळल्यावर मात्र त्यांनी तो एक रुपया पाटावरून उचलला.

“लक्ष्मीपुढं डुकर ठेवू का जी?”

“हत्ती आहे वो तो!”

“तुमीच तं म्हनलं डुकर.”

तेव्हापासून तो रुपया चुन्याच्या रिकाम्या डबीत, ओसरीच्या फळीवर राहू लागला. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हत्ती असल्याचं पटवून देत. काकूंना मात्र कधीच पटलं नाही.

यंदा त्यांच्या अमरचं लग्न ठरलं. घर झाडून, रंगवून निघालं, आणि एका सकाळी काका माझ्या दारात उभे. तोंड उतरलेलं.

“डबी नाही फळीवर. आन् तुही काकू काल ईश्वर सोनाराकडं गेली होती, राखीच्या जोडव्यासाठी चांदी घेऊन.”

राखी म्हणजे होणारी सून. मी लगेच गाडी काढली.

ईश्वर भट्टीपुढे बसला होता. “काकूनं तुटके वाळे आनले होते, आन् दोन कलदार. सारं गाळून टाकलं जी.”

“कोनत्या सालचे होते?” काकांनी विचारलं.

“साल कोन पाहते काका?”

परतताना मला ईश्वरचा राग आला, चांदीच्या भावाचा आला, आणि सर्वांत जास्त काकूंचा आला. इतक्या वर्षांत या बाईला नवऱ्याचं मन कळलं नाही म्हणजे काय!

काकू ओसरीत तांदूळ निवडत होत्या. काका त्यांच्यासमोर मटकन बसले. “लग्नघर आहे, मी काही बोलत नाही. पर माहा डुकर गाळाले द्याचा नव्हता वो.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. “काय बोलून राहिले जी? डुकराची चांदी सुनेच्या पायात घालीन का मी? जोडवे हाये ते! ते दोन रुपये माह्या मायचे होते.”

“मंग डबी?”

“गोठ्यात. लग्नघरात डुकर ठेवतेत का?”

गोठ्याच्या कोनाड्यात, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली डबी होती. आत रुपया, तसाच काळसर, चिंच न लागलेला. काका गव्हाणीच्या काठावर बसून लहान पोरासारखे रडले आणि रडता रडता हसले. मलाही इतकं हलकं वाटलं, की काकूंवरचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

ओसरीत परतल्यावर त्या आनंदात मी आगाऊपणा केला. मोबाइलवर रुपयाचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि काकूंपुढे धरला.

काकू बराच वेळ पाहत राहिल्या. “अवो माय! सोंड हाये ना! हा तं लक्ष्मीचा हत्ती, आन् म्या याले गोठ्यात ठेवलं!” त्यांनी पदर खोचला. “आना जी तो इकडं. चिंच लावून चांगला घासते, पाटावरच ठेवते.”

काकांची मूठ मिटली.

“नाही वो,” ते म्हणाले, “नीट पाह्य. डुकरच आहे.”

आणि काकू चष्मा शोधेपर्यंत ते गोठ्यात पोचलेही होते.