हिरव्या ठिपक्याचा ग्लास

१९६७ साली, नाताळच्या आदल्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, सिल्वासातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत एका वारली बाईवर अन्याय झाला. ती आमच्याकडे भांडी घासायला यायची. तिच्यावर आळ घेतला माझ्या आईने, तो खरा धरला माझ्या वडिलांनी, आणि तो खोटा आहे हे पक्कं ठाऊक असलेला मी हातात ट्रे घेऊन उभा राहिलो. मुंबईला कॉलेजात आम्ही पत्रकं काढायचो. कोणावर, कधी आणि कोणी अन्याय केला ते पहिल्या चार ओळींत आलं नाही तर कागद फुकट गेला, असं नव्या पोरांना मीच सांगायचो. तेव्हा इथेही तसंच लिहिलं आहे.

आता हे कशावरून झालं ते सांगतो. दारू प्यायच्या ग्लासांवरून.

माझे वडील कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथल्या कचेरीत कारकून म्हणून आले. पाच वर्षं झाली तरी जागा हंगामीच होती. त्या वर्षी नवा साहेब आला आणि कायम करायच्या कारकुनांच्या फायली त्याच्या टेबलावर जाऊन बसल्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये कचेरीचे भांडारपाल राहायचे, त्यांचीही फाईल त्याच गठ्ठ्यात. त्यांनीच एका सकाळी येऊन सांगितलं की साहेब आता प्रत्येकाकडे एकेकदा जेवायला जाणार आहेत, आणि जेवणाआधी साहेबांना थोडं बसायला लागतं.

बसायला लागतं म्हणजे काय ते आईला कळलं नाही. कळलं तेव्हा ती पदराने तोंड पुसत राहिली. तिकडे वापीला, हद्दीपलीकडे, दारूबंदी. इकडे हद्दीच्या आत दुकानात उघड बाटली मिळायची. त्यामुळे मुंबईचे साहेब इथे आले की त्यांना प्यावंसं वाटायचं आणि आमच्यासारख्यांना पाजावं लागायचं.

आईने एकच विचारलं. बाटली आणाल, पण ओताल कशात?

आमच्या घरात पितळी फुलपात्रं होती, स्टीलचे पेले होते. वडील म्हणाले, स्टीलचे चालतील की. भांडारपाल हसले. "स्टीलच्या पेल्यातून दिलंत तर साहेबांना वाटेल काढा देताय. रंग दिसायला हवा, वहिनी. काचच हवी."

काच. इथे आमच्या घराण्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे काच ही घरच्यांसाठी नव्हतीच. कोकणातल्या घरी दोन काचेचे ग्लास होते ते पडवीच्या फळीवर, ज्यांना घरचं भांडं द्यायचं नाही अशा माणसांसाठी. इथे सिल्वासाला आईने तीच रीत चालू ठेवली. मागच्या दाराच्या कोनाड्यात एक जाड बुडाचा काचेचा ग्लास होता, कामाच्या बाईचा. चहा त्यातून, पाणी त्यातून, आणि धुवायचा तिचा तिने. चुकून घरात येऊ नये म्हणून त्याच्या बुडाला हिरव्या रंगाचा ठिपका दिलेला होता. क्वार्टरच्या खिडक्या सरकारी हिरव्या रंगाने रंगवल्या तेव्हा डब्यात उरलेला तो रंग. ही अक्कल एकट्या आमच्या आईची नव्हती. आमच्या ओळीत चार क्वार्टर, चारी घरी तीच बाई कामाला, चारी कोनाड्यांत एकेक ग्लास आणि चारी ग्लासांच्या बुडाला तोच ठिपका. ते ठिपके चौघी गृहिणींनी एकाच दुपारी एकाच ब्रशने दिले होते.

बाई मूळची सुरंगी गावची. मुलीला सिल्वासाच्या शाळेत घालता यावं म्हणून ती इथल्या पाड्यावर भावाकडे येऊन राहिली होती. मुलगी तिसरीत होती. शाळा सुटली की आमच्या मागच्या पायरीवर बसून पाटीवर पाढे लिहायची आणि सतराच्या पाढ्याला अडली की, मी सुट्टीत घरी असलो तर, मला विचारायची. चार घरांची कामं होती म्हणून सिल्वासा होतं, आणि सिल्वासा होतं म्हणून शाळा. एवढंच तिचं सगळं होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

ग्लास आणायला आई आणि मी गेलो. बाजारात एक गुजराती दुकानदार होता. पोर्तुगीज अंमलदार निघून गेले तेव्हा त्यांच्या घरातलं सामान त्याने उचललं होतं, आणि मागच्या खोलीत ते अजून गवतात गुंडाळलेलं पडलं होतं. त्याने पायावर उभे असलेले उंच, नाजूक ग्लास काढले, वर द्राक्षांची पानं कोरलेली. मग लांबट, बिअरचे. मग बुटके, रुंद, जाड बुडाचे. प्रत्येकात काय प्यायचं ते त्याने सांगितलं, आणि ते सांगताना त्याने एकदाही आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहून बोलला.

आईने मात्र ते ग्लास असे निवडले की जन्मभर तेच करत आली असावी. नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. कडेवरून बोट फिरवलं. पाणी मागून घेतलं, भरून उजेडात धरलं, तडा दिसतो का पाहिला. पायावरचे हातात धरून परत ठेवले. म्हणाली, हे आडवे होतील, आणि झाले की यांचीच नोकरी आडवी होईल. बुटके सहा घेतले. वाटेत ती म्हणाली, चुलीवरून उतरवलेली कढई जशी जपून धरतात तसा तो दुकानदार ते ग्लास धरत होता, चांगले असतील. ग्लासांचं गाठोडं तिने माझ्याकडे दिलं नाही, घरापर्यंत छातीशी धरून चालली. त्या दिवशी मला तिची दया आली, आणि आजही येते, पण त्याने काही बदलत नाही.

शनिवारी दुपारी तिने ग्लास धुतले. राखेने, मग चिंचेच्या पाण्याने, मग पुन्हा राखेने. तेवढ्यावर तिचं समाधान होईना. कोणाची तोंडं लागली असतील त्यांना, म्हणाली. मी म्हणालो, अगं, दारू पाजणार आहेस तू त्यातून. ती म्हणाली, "दारू ते पितील. भांडं माझ्या घरचं आहे." आणि स्टोव्हवरचं उकळतं पाणी एकामागून एक त्या सहा ग्लासांत ओतलं. तीन जागच्या जागी तडकले. एकाचं तर बूड सुटून मोरीत घरंगळलं.

आई मोरीशी बसून राहिली. दुकानात तसे आणखी नव्हते, हे दुकानदाराने आधीच सांगितलं होतं. साडेपाच वाजले होते. वडील कचेरीतून आले, त्यांनी काचा पाहिल्या आणि देवासमोर जाऊन उभे राहिले. मग हिशेब जमवला: साहेब, त्यांचे स्वीय सहायक आणि भांडारपाल, तिघांना तीन. वडिलांनी पोट बिघडल्याचं सांगायचं आणि लिंबूपाणी स्टीलच्या पेल्यातून घ्यायचं. जमलं.

सात वाजता साहेब आले ते आपल्या एका मुंबईच्या मित्राला घेऊन. चार माणसं.

मी स्वयंपाकघरात धावलो, म्हणालो, चौथा ग्लास हवा. आई भजी तळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मागच्या दाराशी बाई भांडी घासत होती. काय झालं ते तिने ऐकलं होतं. तिने कोनाड्यातून आपला ग्लास काढला, पुन्हा एकदा धुतला, पदराने नाही, स्वच्छ फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. "घे भाई. सारखाच दिसतो." तो मी ट्रेमध्ये ठेवला. आईने ते पाहिलं आणि कढईत भजी सोडली.

पत्रकवाले मित्र मला पुढे म्हणाले की हे तू मुद्दाम केलं असशील, समतेसाठी. नाही केलं. वेळ मारून न्यायला केलं. समता त्या वेळी माझ्या डोक्यात कुठेही नव्हती. वडिलांची फाईल होती.

आणि साहेबांनी ट्रेमधून नेमका तोच उचलला. हातात तोलून म्हणाले, हा बरा आहे, चांगला बसतो. वडिलांचा चेहरा फुलला. दोनदा भरून झाला. साहेब बरे बोलत होते, विनोद करत होते, वडिलांचं अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग शेवटचा घोट घेताना त्यांनी मान मागे टाकली, आणि समोर बसलेल्या भांडारपालांना बुडाचा हिरवा ठिपका दिसला.

त्यांना तो ओळखू येणारच होता. तसाच त्यांच्या कोनाड्यात होता.

"अहो," ते वडिलांना म्हणाले, आवाज अगदी काळजीचा, "हा तर मागच्या दाराचा ग्लास."

साहेबांनी विचारलं, मागच्या दाराचा म्हणजे काय. भांडारपालांनी मग सांगितलं, नीट, सविस्तर, रंगाच्या डब्यापासून. साहेबांनी ग्लास खाली ठेवला. उठून ओट्यावर गेले, पाणी मागितलं आणि चुळा भरल्या. तीन चुळा. दारूने न बाटलेलं तोंड वारली बाईच्या धुतलेल्या ग्लासाने बाटलं होतं.

वडील स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. आई पडद्याआडून म्हणाली, "त्या बाईनेच मिसळला असेल. हजारदा बजावलंय तिला."

बाईला आत बोलावलं. त्या खोलीत ती पहिल्यांदाच आली असेल. हात ओले होते, ते ती मागे धरून उभी राहिली. वडिलांनी विचारलं, तू ठेवलास हा ग्लास इथे?

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहत होती. सतराच्या पाढ्याला अडली की तिची मुलगी बघायची तशी. आणि मी, ज्याने दादरला भर चौकात पाणवठे सगळ्यांना खुले करा असं भाषण करून टाळ्या घेतल्या होत्या, त्या ट्रेकडे बघत राहिलो. ट्रेवर मोराचं चित्र होतं. त्याचा एक पाय उडालेला होता. तो मोर मला अजून दिसतो.

ती आईच्या पडद्याकडे वळून म्हणाली, "हो, बेन. चुकी झाली."

उद्यापासून येऊ नकोस, आईने सांगितलं. सोमवारपर्यंत उरलेल्या तिन्ही घरांनीही सांगितलं. तिने पाहुण्याचा ग्लास बाटवला ही बातमी ओळीतून ओळीत गेली, आणि दर घराने तिला थोडा थोडा वाईटपणा जोडला.

मंगळवारी मी पाड्यावर गेलो तर भाऊ म्हणाला, गेली सुरंगीला. बुधवारी निघालो. निम्म्या वाटेपर्यंत लाकडाच्या ट्रकमधून, पुढे पायी. मनात भाषण जुळवत होतो. आईला सांगतो, वडिलांना सांगतो, साहेबांकडे जाऊन सांगतो.

ती अंगणात गवताचे भारे बांधत होती. मुलगी तिच्याबरोबर होती, हातात विळा. मुलीने मला ओळखलं आणि आत जाऊन पाणी आणलं, अॅल्युमिनियमच्या पेल्यातून. त्याच पेल्यातून आधी बाईचा म्हातारा बाप प्याला होता, मी बघितलं होतं. मी प्यालो. मग बोललो. म्हणालो, ग्लास मीच ठेवला हे मी सगळ्यांना सांगतो, तू परत ये.

बाई भारा आवळत म्हणाली, "आता कोणाला सांगशील, भाई? तेव्हा सगळे बसले होते."

शाळेचं मी विचारलं. नाताळची सुट्टी संपल्यावर पाठवशील ना? तिने दुसरा भारा ओढून घेतला. मुलगीच म्हणाली, पाटी सिल्वासालाच राहिली, मामाकडे. मी म्हणालो, मी आणून देतो. दिली. दुसऱ्याच दिवशी. शाळा मात्र पाटीबरोबर सुरंगीला आली नाही.

घरी मी सांगितलं, तेही लिहितो. आई म्हणाली, मला माहीत आहे, मी पाहत नव्हते का. वडील म्हणाले, फाईल जाईपर्यंत थांब. फाईल गेली. वडील कायम झाले. आईने दमणहून सोनेरी कडेचे सहा ग्लास मागवले, ते कपाटात दिसतील असे ठेवले. नवी बाई कामाला लागली. मी मे महिन्यात घरी आलो तेव्हा कोनाड्यात नवा ग्लास होता, बुडाला हिरवा ठिपका. डब्यात अजून रंग होता.

मी तो ठिपका ब्लेडने खरवडला. आईने पुन्हा दिला. आम्ही दोघं या बाबतीत एकमेकांशी बोलत नाही.

दोन वर्षं मी याच्यावर पत्रक लिहायचा प्रयत्न केला. दरवेळी मागणी कोणाकडे करायची तिथे अडलो. सरकारकडे? साहेबाकडे? ते त्या कोनाड्याला हात लावणार नाहीत. म्हणून तुमच्याकडे करतो, जे हे आपल्या घरात बसून वाचत आहात. उठा आणि मागच्या दाराशी जा. तिथे फळीवर, कोनाड्यात, खिडकीत जो वेगळा ग्लास, वेगळा कप ठेवला आहे तो आत आणा आणि आज पाहुण्यांसमोर त्यातून स्वतः पाणी प्या. कोणी विचारेल, हा इथे कोणी ठेवला. त्या बाईकडे बघू नका. सगळे बसलेले असतानाच सांगा: मी ठेवला.