बोटभर फट

काम पुरं झालं की मिस्त्री ते गालाने तपासत. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि लाकडाच्या प्रत्येक कडेवरून गाल हळूहळू फिरवत न्यायचा. घट्टे पडलेल्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याला बारीक कुसळ लागलेलं कळत नाही, असं ते म्हणत. "पोराचा गाल जिथं लागन, तिथं आपला गाल पयले लागला पायजे." त्यामुळे त्यांच्या डाव्या गालावर कायम एखादा बारीक ओरखडा असे. अकोल्याच्या आमच्या वस्तीत मोठी माणसं त्यांना 'गालवाले मिस्त्री' म्हणत आणि पोरं 'गालबाबा'.

त्यांच्याविषयी लिहावं असं पुष्कळ दिवस मनात आहे. मला नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि अजूनही चार ओळी लिहिल्या की तीन खोडते. पण मिस्त्रींचं लिहायचं राहून गेलं तर मला चैन पडणार नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. त्यांच्या पेटीचं झाकण कधी पूर्ण मिटत नसे. झाकणाच्या खाली दोन्ही कोपऱ्यांना ते लाकडाच्या लहान गुट्ट्या ठोकत, म्हणजे झाकण कितीही आपटलं तरी बोटभर फट उरे. नवीन गिऱ्हाईक हमखास म्हणे, "मिस्त्री, तुमचं झाकण बसत नाही जी!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "बसते. मी बसू देत नाही." त्यांच्या नातवाचा अंगठा एकदा अशाच एका पेटीत चेंगरला होता, आणि ती पेटी त्यांनी स्वतःच केली होती. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही रंधा मारता मारता, माझ्याकडे न पाहता.

मी अमरावतीला कॉलेजात गेले तेव्हा माझी धाकटी बहीण सुमी सहा वर्षांची होती. तीन वर्षांची असताना मोठा ताप आला आणि तिचा उजवा पाय बारीक होऊन राहिला. ती घरभर बसूनच सरके. आमच्या पुढच्या खोलीत सगळं सामान उंच फळीवर आणि खुंट्यांवर असे. लहान मुलांच्या हाती काही लागू नये, ही तेव्हाची घराघरातली शिस्त. त्यामुळे सुमीचा अर्धा दिवस मागण्यात जाई. "माय, पाटी दे. माय, फडकं दे. माय, बाहुली दे." माय दमून जाई, आणि मग सुमी मागणंच सोडून देई. ते मला जास्त वाईट वाटे.

शाळेच्या मोठ्या गुरुजींनी तिला घ्यायला साफ नकार दिला होता. "उचलून आणलेलं पोर दिवसभर कोण सांभाळणार? आपल्या पायांनी वर्गात येईल त्या दिवशी नाव घालतो." बा त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. धर्म बदलला तेव्हा 'माझ्या दोन्ही पोरी शिकतील' असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. एक कॉलेजात गेली होती. दुसरी शाळेच्या पायरीवरून परत आली होती.

माझ्या कॉलेजात जाण्याचा आनंद मात्र बांच्या पोटात मावत नव्हता. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथे मशिनीचे भाग ज्या देवदारच्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या मालकाने त्यांना देऊन टाकल्या. बा त्या घेऊन मिस्त्रींकडे गेले.

"मिस्त्री, कपाट पायजे. छातीच्या वर उंच, काच लावलेलं. पोरीची पुस्तकं दिसली पायजेत आल्यागेल्याले."

"पोरगी कुठं हाय?"

"अमरावतीले."

"मंग पुस्तकं कोन काढन?" मिस्त्रींनी विचारलं. "घरात कोन हाय, किसनभाऊ?"

मिस्त्री आमच्या घरी आले, माप घ्यायची पट्टी काढली आणि भिंतीऐवजी सुमीचं माप घेतलं. बसलेली असताना तिचा हात कुठवर पोचतो, गुडघ्यावर उभी राहिली तर कुठवर, हे त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं.

कपाट आलंच नाही. आली ती सहा खोकी, सगळी एका मापाची. चार पुढून उघडी, दोनांना ती न मिटणारी झाकणं. शेजारी शेजारी मांडली की भिंतीला लागून ओटा व्हायचा. वरच्या कडा बांगडीसारख्या गोल, आणि धरायला पुढे एक पट्टी. तळाशी विटा भरलेल्या. मिस्त्रींनी बांना एका कडेवर सगळा भार टाकायला लावला. खोकं हललं नाही.

बा मात्र हलले. "मी कपाट सांगतलं होतं, तुमी किराना दुकान करून देल्लं!"

"उंच कपाट म्हंजे पोरायसाठी झाड," मिस्त्री म्हणाले. "चढतात, आन् झाडासकट पडतात. तुले कपाट भेटन. घाई नको करू."

वस्तीतल्या लोकांनी बांची बरेच दिवस थट्टा केली. येताजाता कोणीतरी दारातून ओरडे, "किसनभाऊ, पावशेर गूळ द्या!" हे सगळं मला पत्रातून कळलं. बांचं पत्र शेजारचा मास्तर लिहून देई, आणि त्या पत्रात शेवटी एक ओळ होती: 'सुमीने आज पाटी स्वतः काढली. कोणाला मागितली नाही.' होस्टेलच्या खोलीत मी ती ओळ किती वेळा वाचली, सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर सुमी पट्टीला धरून उभी! खोक्यांना धरून ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. मला रडू आलं, आणि मग काहीतरी करून दाखवावंसं वाटलं. खोकी मला अस्ताव्यस्त दिसली. दर दोनांमध्ये वीतभर जागा सुटलेली. दुपारी सुमी झोपली होती आणि माय बाजारात गेली होती. मी विटा काढल्या, खोकी हलवली, खोली शेणाने स्वच्छ सारवली आणि सहाही खोकी एकमेकांना चिकटवून सरळ रेषेत मांडली. कॉलेजात राहून आल्यासारखं घर दिसलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्त्री दर रविवारी बिजागरीला तेल घालायच्या निमित्ताने येत. ते दारातच थांबले. मग मला खुणेने अंगणात बोलावलं.

"कॉलेजवाल्या बाई, हे कोनं केलं?"

मी मोठ्या हौसेने म्हणाले, "मीच."

त्यांनी कपाळावर हात मारला. "तीन महिन्याचं काम तुमी एका दुपारी पुसून टाकलं!"

मग त्यांनी मला बोटांवर समजावून सांगितलं. दर रविवारी ते प्रत्येक खोकं एक बोट दूर सरकवत. फक्त एक. पोरीच्या हाताला कळू नये, पण पायाला कळावं, इतकंच. पहिल्या रविवारी एक बोट, दुसऱ्या रविवारी दोन. असं करत करत वीतभर झालं होतं. तेवढ्या जागेपुरती सुमी कशालाही न धरता उभी राहत होती. "तिले नाही सांगतलं. मालूम झालं तं भिईन."

मला जमीन दुभंगावी असं झालं. इतकं शिकून मी एवढंसुद्धा विचारलं नाही, की ही जागा अशी का सोडली आहे.

"आता काय जी करायचं?" मी विचारलं.

मिस्त्री हसले. "बाराव्या बोटावर होती. तुमची चूक झाली, तं आता तेराव्यावर ठेवू."

आम्ही दोघांनी मिळून खोकी मांडली. संध्याकाळी सुमी पट्टी धरून निघाली. प्रत्येक मोकळ्या जागेशी ती थबके, आणि मग पलीकडे जाई. सहाव्या खोक्याला हात लागला तेव्हा मिस्त्री अंगणात उगीचच पाणी पीत उभे होते.

झोपताना सुमी माझ्या कानात म्हणाली, "ताई, आज एक बोट जास्त होतं."

"तुला माहीत आहे?"

"मी रोज मोजते. गालबाबाले नको सांगू हं. त्यायले वाटते मले मालूम नाही."

उन्हाळ्यात मी परत आले तेव्हा पुढच्या खोलीत तीनच खोकी उरली होती. बाकीची अंगणात. मे संपता संपता दोनच, या भिंतीला एक आणि त्या भिंतीला एक.

जूनमध्ये बा, मी आणि मिस्त्री सुमीला घेऊन शाळेत गेलो. मोठे गुरुजी व्हरांड्यात उभे होते. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत मोकळं मैदान. बांनी तिला खाली ठेवलं. ती निघाली. लंगडत, पण सरळ. दर तीन पावलांनी तिचा उजवा हात आपोआप बाजूला जाई, जिथे खोकं असायचं तिथे. तिथे काही नसे. हात परत येई आणि पाय पुढे पडे. व्हरांड्याची पायरी चढून ती गुरुजींसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आली मी. नाव घाला."

गुरुजींनी रजिस्टर उघडलं. बांना सही करता येत नव्हती, म्हणून सही मी केली. मिस्त्री तोवर वर्गात शिरले होते. सुमी जिथे बसणार होती त्या बाकाच्या कडेवर गाल टेकवून, डोळे मिटून बसले होते.

"रंधा आनतो," ते उठून म्हणाले. "या शाळेत काम लय हाय."

गुरुजी हसले आणि म्हणाले, "आणा." त्या आठवड्यात मिस्त्रींनी पहिलीच्या वर्गातल्या सगळ्या बाकांच्या कडा गोल करून दिल्या.

त्यानंतर वस्तीत खोक्यांची मागणी वाढली. गूळ मागणाऱ्या माणसानेच पहिली चार सांगितली. झाकणाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री मुलीकडे अचलपूरला कायमचे राहायला गेले. जाण्याआधी आमच्याकडे आले. सुमीने सहाही खोकी आणवून ठेवली होती. आता ती पाचवीत आहे. खालच्या दोनांत विटा ठेवून तिने त्यांच्यावर दोन आणि त्यांच्यावर आणखी दोन खोकी बांकडून चढवून घेतली. मिस्त्रींनी सांगितलं तसं वरच्यांना लोखंडी पट्टीने भिंतीशी ठोकलं. माझी पुस्तकं वर, तिची खाली. छातीच्या वर उंच.

"घे किसन, तुझं कपाट," मिस्त्री म्हणाले. "काच मात्र नाही लावत."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर घेतला आणि कपाटाच्या कडेवर गाल ठेवला. मग बाजूला होऊन सुमीला म्हणाले, "आता तू पाह." सुमीने डोळे मिटले आणि आपला गाल त्याच कडेवरून, वरपासून खालपर्यंत, सावकाश फिरवत नेला.