टॉर्चमावशींची हजेरी

आमच्या वसतिगृहाच्या मावशींना आम्ही टॉर्चमावशी म्हणायचो. संध्याकाळ झाली की हातात टॉर्च घेऊन खोलीखोलीत हजेरी. एखादी कॉट रिकामी दिसली की त्यांचा जीव खालीवर. "अहो, ती अंघोळीला गेलीय!" असं सांगितलं तरी बाथरूमचं दार वाजवून आतून "हो" आल्याशिवाय बाई हलायच्या नाहीत. माझं तर डोकंच फिरायचं. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?

नव्या मुलींची ओळख व्हावी म्हणून विद्यापीठाच्या अख्ख्या आवारात खेळायचा एक खेळ बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही लपाछपी उलटी केली. एकीनंच लपायचं, बाकी सगळ्यांनी शोधायचं. जिला ती सापडेल तिनं ब्रही न काढता शेजारी दडून बसायचं. शेवटी उरेल ती हरली.

सरावाला लपणार कोण? "मावशी!" सगळ्या एकदम ओरडल्या.

मावशींचा चेहरा पडला. "नको गं बाई." बरेच आढेवेढे घेऊन मग म्हणाल्या, "लहानपणी लाकडांच्या खोपटात लपले होते. भावंडं शोधून कंटाळली, घरी जाऊन जेवली. मी आपली बसलेय. अंधारात घरी गेले तर भांडी घासून पालथी घातलेली. मी नव्हते हे कुणाच्या ध्यानातच नाही."

मी लगेच म्हटलं, "मावशी, तुम्हाला टाकून कुणी जाणार नाही. माझा शब्द!"

शब्द दिला खरा, पण खेळ संपल्याचं लपलेल्या माणसाला कळणार कसं, हा नियम करायलाच आम्ही अकलेचे कांदे विसरलो होतो. सायकल स्टँड, वाचनालयाची मागची बाजू, सगळं पालथं घातलं. मावशी नाहीत, आणि हळूहळू मुलीही दिसेनाशा झाल्या. तेवढ्यात मेसची दुपारची घंटा झाली. झालं! घंटा म्हटली की आमच्या या खादाड पोरी सगळं सोडून पळतात. मावशी पुन्हा एकट्या पडल्या असणार.

धापा टाकत मेसमध्ये गेले, तर आत चिटपाखरू नाही. "आज संप आहे का गं तुमचा?" आचारीकाका म्हणाले.

मी उलट पावली धावले. पंपघरामागच्या झुडपात कुणीतरी फिसकन हसलं. वाकून बघते तर सगळ्या एकमेकींच्या मांडीवर कोंबलेल्या, आणि मधोमध मावशी.

"अगं, घंटा ऐकली नाहीत?"

"ऐकली की! पोटात कावळे ओरडतायत," एक कुरकुरली. "मावशी उठू देतील तर ना!"

मावशींनी माझा हात धरून मला शेजारी ओढलं. "तू यायची राहिली होतीस," त्या म्हणाल्या. "तुला टाकून जेवायला कसं जायचं?"

मला रडूच फुटलं. मावशी पदरानं माझे डोळे पुसत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर चपलांचा आवाज आला, आणि दार वाजायच्या आधीच मी ओरडले, "आहे, मावशी, आहे!"