टाचण्यांवर धरलेलं छत

अरविंदकाका बर्वे. मी ज्यांचा सर्वांत अधिक ऋणी आहे, त्यांचं नाव आधी लिहितो. पाच आठवड्यांपूर्वी अप्पर हटहून काकूंचा फोन आला, "अरे, हे गेले..."

आटपाडीच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर मी, २००४ साली न्यूझीलंडला आलो आणि अप्पर हटला काकांच्या घरी मागच्या खोलीत राहिलो. सात महिने सगळीकडून नकार. डिसेंबरात, इथल्या ऐन उन्हाळ्यात, हॅमिल्टनहून मुलाखतीचं बोलावणं आलं, तोवर मी भारतात परत जायचं ठरवलं होतं. काकांनी आपली जुनी गाडी देऊ केली. तिच्या छताला आतून लावलेलं कापड सुटून लोंबत होतं, आतला कुजलेला फोम डोक्यावर झडायचा.

"मी जाणारच नाही, काका."

"नको जाऊस. छत लावायला तरी हात दे. केसांत पिवळा भुसा घेऊन कोणी मुलाखतीला जातं का?"

शनिवारी आम्ही आतला दिवा, काचेवरच्या उन्हाच्या झडपा, धरायच्या मुठी काढल्या, छताचा पुठ्ठा मागच्या दारातून बाहेर घेतला आणि जुना फोम ब्रशने खरवडला. दुकानात फोम चिकटवलेलं खास कापड मिळतं. पण काकांच्या मते ते उगाच महाग. त्यांनी कपाटातून काकूंची इरकल आणली. मी पुठ्ठ्यावर गोंद फवारला, ते साडी पसरून मधून कडेकडे तळहात फिरवत गेले. फोम नसल्यामुळे गोंद आरपार आला, साडीभर डाग उमटले.

"विचारलंत तरी का मला? आता नेसू काय मी?" काकू कडाडल्या.

"नेसायची कशाला? आता तिच्याखाली बसायचं."

मला हसू आवरेना. कित्येक महिन्यांनी हसलो होतो... मंगळवारी मी हॅमिल्टनला गेलो. परतताना वाटेत टाउपो गावाजवळ उन्हाने गोंद सुटला आणि मागची बाजू खाली आली. घरी पोचल्यावर काकूंनीच शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या टोचून ती वर धरली.

परवा काकूंना भेटायला गेलो, तेव्हा त्याच गाडीत बसलो. टाचण्या तशाच होत्या, गंजलेल्या. "दोघातिघांनी छत करून देतो म्हटलं," काकू म्हणाल्या, "पण हे म्हणायचे, नको, माझा माणूस यायचाय." मी दर दिवाळीला फोन करत राहिलो, पुढच्या सुट्टीत नक्की येतो म्हणत राहिलो. उन्हाच्या झडपेमागे, नोकरीवर गेल्यावर मी हॅमिल्टनहून पाठवलेलं पत्र घडी करून ठेवलेलं होतं...

"ती. काकांना साष्टांग नमस्कार. नोकरीवर रुजू झालो. एक तुम्हाला सांगायचं राहिलं, मुलाखतीत त्यांनी विचारलं, नुकतीच केलेली एखादी चूक सांगा. मी छताचं सांगितलं, काय करायला हवं होतं तेही सांगितलं. सगळे हसले आणि मग बराच वेळ बोलत बसले. काकूंना सांगा, इरकल वाया गेली नाही. पहिल्या सुट्टीत फोमचं कापड घेऊन येतो, आपण दोघं नीट लावू. तोवर टाचण्या काढू नका."