तीनदा विचारायचं असतं

ऊना मलक्वीनच्या घरी गेलात आणि तिनं "चहा?" असं विचारलं, तर "नको" म्हणायचं. ती म्हणणार, "अगं, घे की!" मग "नको गं, खरंच नको." मग ती डोळे वटारणार, "घोटभर तरी!" आणि मग निमूट घ्यायचा. पहिल्याच फेरीला हो म्हणणारा माणूस आमच्या या आयरिश वस्तीच्या टेकडीवर हावरट ठरतो. आणि पहिल्या नकारावर किटली खाली उतरवणारा? असला माणूस मी या मार्चपर्यंत पाहिलाच नव्हता.

शाळेच्या स्वयंपाकघरात ऊनानं आणि मी सव्वीस वर्षं शेजारी शेजारी बटाटे सोलले. जिभेला हाड नव्हतं तिच्या. लग्न का नाही केलंस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एकानं विचारलं होतं गं रीटा, पण दोनदाच." आणि अशी हसली की सोलाणं हातातून पडलं. खरं कारण सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा ऊना एकोणीसची आणि धाकटा भाऊ फिन्टन आठ वर्षांचा. त्याला तिनं न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. पुढे त्याची शॉना जन्मली, तिचे लाडही हिनंच पुरवले.

सेंट पॅट्रिकच्या सणाआधीच्या रविवारी आमच्याकडे मिरवणूक निघते. अग्निशमन केंद्रापासून चर्चपर्यंत प्रत्येक घराणं आपापल्या निशाणामागे चालतं. मलक्वीनांचं निशाण ऊनानं आईच्या हिरव्या पडद्याचं शिवलेलं. त्याला दोन काठ्या. एक फिन्टनच्या हातात, दुसरी ऊनाच्या, तेहतीस वर्षं हेच. मागे सुना, जावई, बाबागाडीतली पोरं. रांग मोडली की ऊना मान न वळवता ओरडायची, "कोण तो बाहेर भटकतोय? मेंढरं आहात का?"

यंदा समितीनं मलक्वीनांना सगळ्यांत पुढे चालायचा मान दिला. त्या घराण्यातल्या एकानं खांद्यावरून आडवा हिरवा पट्टा घालून निशाणाच्याही पुढे चालायचं असतं. समितीचा अर्ज ऊनाकडेच आला, कारण सुवाच्य अक्षर घरात तिचं एकटीचं. तिनं सगळं भरलं, पट्टा कोण घालणार ती ओळ मात्र कोरी ठेवली.

"लिही की तुझं नाव," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? आपलं नाव आपणच लिहायचं? लोक म्हणतील, म्हातारी शेफारली."

तेवढ्यात फिन्टन अर्ज न्यायला आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "पट्टा तूच घाल, ऊना."

"मी? छे! या वयात कसला पट्टा! दे दुसऱ्या कुणाला."

"बरं," म्हणून त्यानं अर्जाची घडी खिशात घातली आणि तो गेलासुद्धा.

आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो. "घाईत असेल," ऊना म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये विचारेल. ठाऊक आहे त्याला." रविवारी तो हवापाण्यावर बोलला. पण त्याच आठवड्यात ऊनाच्या निळ्या कोटावरचा आईचा ब्रोच डाव्या खांद्यावरून उजवीकडे गेलेला मी पाहिला. पट्टा डाव्या खांद्यावरून येतो.

मिरवणुकीच्या दिवशी सोडा ब्रेडची टोपली घेऊन आम्ही अग्निशमन केंद्रापाशी पोचलो, तर पट्टा शॉनाच्या अंगावर! नऊ वर्षांत जिनं बॉस्टन सोडून इकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती शॉना. ती आता नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहणार होती, सोबत फोटोवाला घेऊनच आली होती. ऊनानं टोपली माझ्या हातात दिली.

"फिन्टन, हे काय रे?"

"अगं, तूच नको म्हणालीस ना!"

"एकदा म्हणाले."

"मग? नको म्हणजे नको. आम्ही आपलं माणसाचं म्हणणं ऐकतो, बाबा!"

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्या टेबलावर तीन-तीनदा विचारून हिनं याला घास भरवलेले, आणि हा म्हणे ऐकतो! शॉना गोड आवाजात म्हणाली, "आत्या, काठी धर ना. तुझ्याशिवाय कोण धरणार?"

ऊनानं गारठलेल्या बोटांनी ब्रोच काढला आणि पुन्हा डावीकडे लावला. काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग ती चालत जाऊन आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, बघ्यांच्या गर्दीत उभी राहिली. मी टोपली घेऊन तिच्या मागे.

बँड वाजला. दुसरी काठी शॉनाच्या नवऱ्यानं धरली होती. वाऱ्यात ती कशी कलती धरायची हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? आमच्या कोपऱ्याशी येईपर्यंत निशाणाचा पार बोळा झाला, घराण्याचं नावसुद्धा वाचता येईना. पुढचे थांबले म्हणून मागची सगळी मिरवणूक थांबली. फिन्टन आपली काठी कुणाच्या तरी हातात कोंबून धावत आला.

"ऊना, चल गं."

"नको."

"अगं लोक बघताहेत. चल ना!"

"नको रे, खरंच नको."

फिन्टन साठीचा माणूस, पण तोंड अगदी आठ वर्षांच्या पोरासारखं झालं. "ऊना, पाया पडतो तुझ्या. तुझ्याशिवाय नाही जमत आम्हाला. ये."

तिसऱ्यांदा आमच्या टेकडीवर कुणी नाही म्हणत नाही. ऊनाचा हातही कोटाच्या खिशातून बाहेर आला होता. तिनं भावाकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तीनदा विचारता येतं तुला," ती म्हणाली.

आणि माझ्या हातातली टोपली घेऊन ती घराकडे चालू लागली.